चापू ते मलिक अंबर : एका नावाचा प्रवास

मलिक अंबर हे नाव मराठी माणूस वाचतो तेव्हा 'अंबर' म्हणजे आकाश, असं समजून तो पुढे जातो. निळं अंबर, पीतांबर, दिगंबर असे शब्द कानावर असल्यामुळे ते साहजिकच आहे. पण तो संस्कृत शब्द वेगळा आणि हा अरबी शब्द वेगळा. अरबीत हे नाव ऐन, नून, बा, रा अशा चार अक्षरांनी लिहितात. 'न' नंतर 'ब' आला की उच्चार 'म्'कडे झुकतो, म्हणून 'अन्बर' लिहायचं आणि 'अम्बर' म्हणायचं. अर्थ आहे समुद्रात सापडणारं एक सुगंधी द्रव्य. व्हेल माशाच्या एका जातीच्या आतड्यात ते तयार होतं, मेणासारखं असतं, करड्या-काळ्या रंगाचं असतं आणि वर्षानुवर्षं लाटांवर तरंगून त्याला वास येतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर 'व्हेलची उलटी' विकताना कुणाला पकडलं अशी बातमी अधूनमधून येते ना, ती हीच वस्तू. आपल्या घरांत मात्र हा शब्द पोलिसांच्या बातमीतून नाही, अत्तराच्या कुपीतून आणि हकीमसाहेबांच्या खमीरा गावजबान अंबरीच्या डबीतून आलेला.

हदीसमध्येही तो आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली किनाऱ्याकडे गेलेल्या तीनशे सहाबांच्या तुकडीचं अन्न संपलं, झाडाची पानं खायची वेळ आली, तेव्हा समुद्राने एक प्रचंड मासा बाहेर टाकला. त्या माशाचं नाव अंबर. कित्येक दिवस सगळी फौज त्यावर जगली.

मग एका जिवंत पोराला माशाच्या पोटातल्या सुगंधाचं नाव कुणी दिलं, आणि का? दख्खनचा सगळ्यात धुरंधर वजीर म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांची गोष्ट या प्रश्नापासून सुरू करावी असं आम्हाला वाटतं.

ते साधारण 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मले. तेव्हाचं नाव चापू. हे नाव आपल्यापर्यंत पोहोचलं तेही एका डच व्यापाऱ्यामुळे. पीटर व्हान डेन ब्रोके नावाचा हा माणूस 1617 साली दख्खनमधून जात असताना मलिक अंबर यांच्या छावणीत आला आणि त्याने ते लिहून ठेवलं. कुणी म्हणतात आईबापांनीच गरिबीपायी विकलं, कुणी म्हणतात धरून नेलं. येमेनमधल्या मोखा बंदरात या मुलाची किंमत झाली 80 डच गिल्डर. तिथून बगदाद. बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने पोराची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला, तो मुसलमान झाला आणि मालकाने त्याचं नाव ठेवलं अंबर.

नाव सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्या काळच्या गुलामांच्या नावांची यादी डोळ्यांपुढे आणा. याकूत म्हणजे माणिक. मरजान म्हणजे पोवळं. जौहर म्हणजे रत्न. काफूर म्हणजे कापूर. रैहान म्हणजे सुगंधी वनस्पती. सुंबुल हेही तसंच एक सुवासिक झाड. रझिया सुलतानच्या दरबारातला हबशी अमीर याकूत, अलाउद्दीन खिलजीचा सरदार मलिक काफूर, बिदरचा किल्ला औरंगजेबाविरुद्ध लढवणारा सिद्दी मरजान, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात पन्हाळ्याला 1660 साली वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर! जंजिऱ्याच्या सिद्दी संबूलचं नावही याच 'सुंबुल'वरून. दहाव्या शतकात इजिप्तवर राज्य केलेल्या काफूरची तर कुनियत होती अबुल मिस्क, म्हणजे कस्तुरीचा बाप. काळ्या माणसाचं नाव पांढऱ्या कापरावरून. त्यात लाड किती आणि थट्टा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ही सगळी नावं तिजोरीत किंवा कपाटात ठेवायच्या किमती वस्तूंची आहेत. अरबांमध्ये याबद्दल फार जुनं एक स्पष्टीकरण सांगितलं जातं. अरब लोक आपल्या मुलांना हर्ब (युद्ध), सख्र (खडक), असद (सिंह), अगदी कल्ब (कुत्रा) अशी दांडगी नावं ठेवत आणि गुलामांना मात्र गोड, शुभ नावं. कारण काय, तर मुलांची नावं शत्रूने ऐकायची असतात आणि गुलामांची नावं दिवसभर आपण हाका मारायची असतात. इब्न दुरैद या भाषापंडिताने दहाव्या शतकाच्या आसपास अरबी नावांच्या उगमावर एक अख्खा ग्रंथच लिहिला. नावाचा अर्थ शोधणं ही काही आजच्या मोबाइलवाल्या अब्बा-अम्मींची नवी हौस नाही.

इस्लामने यात हात घातला तो कुठे, तेही पाहू. सहीह मुस्लिममधल्या हदीसनुसार पैगंबरांनी (स.) अफलह, रबाह, यसार, नाफे अशी नावं गुलामांना ठेवायला मना केली. अर्थ चांगलेच आहेत: यशस्वी, नफा, सुबत्ता, लाभ. पण कुणी विचारलं रबाह आहे का घरात, आणि उत्तर आलं नाही, तर बरकतच नाही म्हटल्यासारखं होतं. हजरत बिलाल (रजि.) यांच्या वडिलांचं नाव रबाहच होतं, हे इथे आठवतं. आणि दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोठी वाटते. गुलामीतून मुक्त झालेले हजरत जैद (रजि.) यांना लोक मुहंमदांचा (स.) मुलगा जैद म्हणू लागले होते. सूरह अहजाबमध्ये आदेश आला की माणसाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावानेच ओळखा. मग ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेमाने दिलेलं, दुनियेतलं सर्वांत मानाचं नातंसुद्धा बापाच्या नावाची जागा घेऊ शकत नाही, इतकी काळजी.

अंबर यांना ते मिळालं नाही. 'बिन' च्या पुढे लिहायला इतिहासात त्यांच्या बापाचं नावच नाही.

बगदादहून ते दख्खनला आले आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्यांना विकत घेतलं. हा चंगेज खान स्वतः एके काळचा हबशी गुलाम, आणि त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते. फौज कशी हलते, महसूल कसा वसूल होतो, दरबारात कुणाशी कसं बोलायचं, हे अंबर यांनी इथेच पाहिलं. 1570 च्या दशकाच्या मध्यात चंगेज खान मेला, त्याच्या बेवेने अंबर यांना आझाद केलं. त्यांचं लग्न झालं, बायकोचं नाव बीबी करीमा. करीमा म्हणजे उदार, मोठ्या मनाची.

पुढची वीसेक वर्षं भाडोत्री घोडेस्वाराची. विजापूरच्या चाकरीत असताना त्यांना 'मलिक' हा किताब मिळाला असं मानतात. आता इथे जरा थांबू या, कारण या शब्दात मोठी गंमत आहे. अरबी शब्द बहुधा तीन मूळ अक्षरांतून फुटतात. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं घ्या. त्यातून मलिक होतो, म्हणजे राजा. मालिक होतो, म्हणजे धनी. मराठीतला आपला मालक तोच. मुल्क होतो, तो मराठीत मुलूख झाला. आणि त्याच अक्षरांतून ममलूक होतो, म्हणजे ज्याची मालकी दुसऱ्याकडे आहे तो, गुलाम. मोख्यात ममलूक म्हणून उभा केलेला पोरगा चाळिशीच्या पुढे मलिक झाला. तीन अक्षरं तीच, जागा बदलली. (मलिक आणि मालिक यांत काना आहे की नाही हे म्हणून बघावं लागतं. देवनागरीत ऐन आणि अलिफ, सीन आणि स्वाद एकच होऊन जातात. फिरऔनच्या नेक बायकोचं आसिया आणि पैगंबरांनी (स.) बदलून जमीला केलेलं, 'नाफरमान' अर्थाचं आसिया, ही अरबीत दोन वेगळी नावं आहेत. मराठीत ती सारखीच दिसतात. दाखल्यावर नाव घालण्याआधी अरबी लिहिता येणाऱ्या माणसाला विचारलेलं बरं.)

1595 च्या सुमारास मलिक अंबर दीडशेच्या आसपास स्वार घेऊन अहमदनगरला परतले. चाँदबीबी मोगलांशी झुंजत होती तो हा काळ. 1600 साली अहमदनगरचा किल्ला पडला, सुलतान कैद झाला, निजामशाही संपली असंच दिल्ली-आग्र्याला वाटलं. मलिक अंबर यांनी राजघराण्यातला एक तरुण शोधून परांड्याला तख्तावर बसवला, दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून. आपली मुलगी त्याला दिली. पुढची पंचवीस वर्षं अकबर आणि नंतर जहांगीर यांच्या फौजा येत राहिल्या आणि हा माणूस त्यांना डोंगरदऱ्यांत फिरवत राहिला. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, समोरासमोर येईपर्यंत पांगून जायचं. या लढाईत त्यांच्यासोबत मराठे सरदार होते, मालोजीराजे भोसले आणि पुढे शहाजीराजे.

भोसल्यांच्या घरातही नावाची एक गोष्ट आहे. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, त्यांनी अहमदनगरचे सूफी शाह शरीफ यांना नवस केला, आणि मुलगे झाल्यावर त्यांच्याच नावावरून एकाचं शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं, असं परंपरा सांगते. शाह फारसी, शरीफ अरबी, जी आपला देशी. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबर यांनी मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम लोळवलं. तळ्याचं पाणी सोडून शत्रूच्या तळावर चिखल केला, तोफा-घोडे रुतले. त्या लढाईत शरीफजी कामी आले.

सगळंच जिंकलं असंही नाही. 1616 ला रोशनगावला हार झाली आणि मोगलांनी त्यांची खडकी लुटून जाळली. पुढच्या वर्षी शहजादा खुर्रम आला, तह झाला, प्रदेश द्यावा लागला. खुर्रम म्हणजे आनंदी. या मोहिमेवरून परतल्यावर बापाने त्याला जो किताब दिला त्यानेच जग आज त्याला ओळखतं: शाहजहान. ताजमहालवाल्या बादशहाच्या नावातही अशा रीतीने मलिक अंबर यांचा हात आहे, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

जहांगीरचा राग तर चित्रातच उतरला. अबुल हसन या चित्रकाराने बादशहा भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबर यांच्या मुंडक्यावर बाण मारतोय असं चित्र काढलं. ते आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात असं कधी घडलंच नाही. आपल्या आत्मचरित्रातही बादशहा त्यांचं नाव रंगावरून शिवी जोडल्याशिवाय क्वचितच घेतो. त्याच दरबारच्या मोतमद खान या इतिहासकाराने मात्र मलिक अंबर गेल्यावर त्यांच्या युद्धकौशल्याची, कारभाराची आणि शेवटपर्यंत टिकलेल्या इज्जतीची मोकळेपणाने तारीफ केली आहे.

खडकी हे गाव त्यांनी 1610 ला राजधानी म्हणून वसवलं. भडकल दरवाजा त्यांचाच. शहराच्या उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावात आणलं, ती नहर-ए-अंबरी. जमिनीची मोजणी करून, मगदूर बघून धारा ठरवायची त्यांची पद्धत नंतरही लोकांच्या तोंडी राहिली.

मुलांची नावं ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सुगंध निवडला नाही, रत्नही नाही. एकाचं नाव फतेह खान. फतह म्हणजे उघडणं आणि त्यावरून विजय. सूरह फातिहा त्याच धातूची. दुसऱ्याचं चंगेज खान. चंगेज अरबी नाही, मंगोल आहे. पण ज्याने आपल्याला विकत घेतलं होतं आणि शिकवलंही होतं, त्या पेशव्याचं ते नाव आहे. उपकार आठवून ठेवलं की दुसऱ्या कशासाठी, ते कागदावर कुठे नाही. आम्हाला वाटतं आठवणीसाठीच.

मे 1626 मध्ये मलिक अंबर वारले. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. फतेह खानाने खडकीला आपलं नाव देऊन फतेहनगर केलं, पण नावातला विजय काही टिकला नाही. 1633 साली दौलताबादचा किल्ला त्याच्याच हातून मोगलांकडे गेला. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना फतेहनगरचं औरंगाबाद झालं, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नहर मात्र अजून अंबरीच म्हणवते.

त्यांची कबर खुलताबादला आहे, जरजरी जरबख्श यांच्या दर्ग्यापासून जवळच, आणि बीबी करीमांचा मकबराही तिथेच जवळ. दफन झालं तेव्हा या गावाला रौजा म्हणत, म्हणजे बाग, आणि त्यावरून मजार. पुढे औरंगजेबाला मरणोत्तर 'खुल्द-मकान' म्हटलं गेलं, म्हणून गाव खुल्दाबाद झालं. खुल्द म्हणजे कायमचं राहणं. बोलताना आपण त्याचं खुलताबाद केलं.