फॅरेडेची मेणबत्ती

मी एका तालुक्याच्या गावात सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी वर्गात प्रोजेक्टर आला. ज्वलनाचा धडा होता, मी मोठ्या हौसेनं फिल्म लावली. पडद्यावर मेणबत्ती पेटली आणि एका मुलीनं विचारलं, की ज्योतीच्या आत, वातीभोवती ते काळपट काय दिसतंय? फिल्म संपू दे, मग सांगते, असं म्हणत मी तिला खाली बसवलं. तास संपला, सांगायचं राहूनच गेलं. त्यानंतर ती पोर महिनाभर काही विचारेना. मनाला रुखरुख लागली. तेव्हा आठवला तो मायकेल फॅरेडे.

२२ सप्टेंबर १७९१ चा त्याचा जन्म, लंडनजवळचा. वडील लोहार, पण सतत आजारी. एक पाव आठवडाभर पुरवायचा, असेही दिवस त्यानं काढले. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. तेराव्या वर्षी तो पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. मग सात वर्षं तिथेच पुस्तकबांधणी शिकला. बांधायला आलेली पुस्तकं हा पठ्ठ्या वाचून काढायचा!

त्यातलं एक होतं जेन मार्सेट या बाईंचं, रसायनशास्त्रावरचं. सुरुवातीला त्यावर त्यांचं नावसुद्धा छापलेलं नव्हतं. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पा, असं ते पुस्तक. मुली विचारतात, बाई प्रयोग करून दाखवतात. मायकेलनं वाचून नुसती मान डोलावली नाही. खर्चाला मिळायचे त्या चार पैशांत सामान आणून त्यानं लहानसहान प्रयोग करून पाहिले. ते जुळले, तेव्हाच पुस्तकावर विश्वास ठेवला. पुढे एवढा मोठा झाल्यावरही या बाईंचं ऋण तो विसरला नाही.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलनं टिपणं काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातानं त्याचं पुस्तक बांधलं आणि डेव्हीला पाठवून दिलं. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची नोकरी लागली. डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला, तर डेव्हीची बायको त्याला घरगड्यासारखं वागवायची. तेही त्यानं सोसलं, कारण शिकायला मिळत होतं.

गणितात तो कच्चाच राहिला. त्याचे प्रश्न हातानं सुटायचे. १८३१ मध्ये त्यानं तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला आणि तारेत वीज आली. चुंबक थांबला की वीज थांबली. धरणावरची, कोळशावरची वीज आजही याच तत्त्वावर तयार होते. म्हणजे आमचा प्रोजेक्टरही त्याच्याच कृपेनं चालतो म्हणायचा!

१८२७ ते १८६० या काळात मुलांसाठीची नाताळची व्याख्यानमाला त्यानं एकोणीस वेळा दिली. शेवटच्या खेपेला संस्थेत मोठमोठी उपकरणं हाताशी असताना त्यानं विषय घेतला, साधी मेणबत्ती. ज्योतीच्या त्या काळपट भागात काचेची नळी धरून त्यानं आतली वाफ बाहेर आणली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली. ती होती मेणाचीच वाफ, अजून न जळलेली. माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं होतं तेच हे! २५ ऑगस्ट १८६७ ला फॅरेडे गेला, पण प्रश्न तसाच ताजा.

दुसऱ्या दिवशी मी मेणबत्ती घेऊन वर्गात गेले. पाण्याची बादली जवळ ठेवली, मुलींना वेण्या मागे बांधायला लावल्या. त्या मुलीच्या हातात माझा मोबाइल दिला आणि चित्रण करायला सांगितलं. मी मेणबत्ती फुंकली. वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावली, वातीला नाही. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर आली. कुणाच्या नीट लक्षात येईना. मग तेच चित्रण पडद्यावर अगदी हळू चालवलं. वाफ पेटत पेटत खाली येताना सगळ्यांनी पाहिली. मुलांनी चारदा लावायला लावलं. पडदा तोच, प्रोजेक्टर तोच, पण आता तो मुलांच्या प्रश्नामागून चालला होता.

घंटा झाल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. समईच्या ज्योतीतही असंच असतं का, म्हणाली. उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि तिला उद्या समई घेऊन यायला सांगितलं.