वरसईच्या भटजींची उत्तरयात्रा

पनवेल, ता. प्रतिनिधी : उन्हाळा सरू लागला की पनवेलहून लडाख, स्पितीच्या दिशेने मोटारसायकलस्वारांच्या टोळ्या निघतात. मित्रांची सोबत, मागे बांधलेले सामान आणि पुढे दोन-अडीच हजार किलोमीटरचा रस्ता. या वाटसरूंना बहुधा ठाऊक नसते, की पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातील वरसई गावातून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक तरुण भिक्षुक असाच उत्तरेकडे निघाला होता. त्याला हौस नव्हती; डोक्यावर कर्ज होते. विष्णुभट गोडसे हे त्याचे नाव.

विष्णुभटांचा जन्म १८२७च्या सुमारास वरसईत झाला. घराणे वैदिकांचे, विद्या होती, पण संसाराची ओढाताण संपत नव्हती. अशा वेळी दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार, अशी बातमी कोकणात आली. लाखो रुपयांचा खर्च, हजारो ब्राह्मणांना दक्षिणा. एका खेपेत घरचे ऋण फिटेल, असा हिशेब विष्णुभटांनी बांधला. वडीलधाऱ्यांचे मन वळवून, काका रामभट यांना सोबत घेऊन १८५७ साली ते घराबाहेर पडले. त्या काळी परमुलखात निघालेला माणूस परत येईलच याची खात्री कोणी देत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते.

पुण्याहून पुढे सातपुडा ओलांडून, नर्मदा उतरून महूकडे जाणारा मार्ग. जंगल, घाट, चोरांचे भय. अशा वाटेवर माणसे एकेकटी जात नसत. मुक्कामामुक्कामाला संगत जुळवावी लागे. महूच्या अलीकडेच त्यांच्या कानावर वेगळीच गोष्ट आली. मुक्कामावर भेटलेल्या शिपायांकडून त्यांना काडतुसांचे प्रकरण आणि येऊ घातलेल्या उठावाची कुणकुण लागली. शहाणा माणूस येथून परतला असता. पण रिकाम्या हाताने घरी जाऊन सावकाराला काय सांगणार? चुलते-पुतणे पुढे निघाले. महूच्या छावणीत १ जुलै १८५७ रोजी उठाव झाला. माळव्यातून ग्वाल्हेर गाठेपर्यंत सारा मुलूख पेटला होता; ज्या यज्ञासाठी घर सोडले तो धामधुमीत बारगळला.

दोघे झाशीला गेले. राणी लक्ष्मीबाईंच्या दरबारात विद्वानांचा आदर होता. दक्षिणा मिळू लागली, काही महिने बरे गेले. शहरातील ग्रंथसंग्रहाने विष्णुभटांना भुरळ घातली होती. मग मार्च १८५८मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. पुढील काही दिवसांत रस्तोरस्ती प्रेते पडली, घरे जळाली. लूटही शिस्तीत झाली : आधी सोने-चांदी, नंतर तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे आणि धान्य. गोडशांनी जमवलेली पुंजीही गेली. ग्रंथालयाची झालेली धूळधाण त्यांना स्वतःच्या नुकसानीइतकीच जाचली असावी, असे त्यांचे वर्णन वाचताना वाटते.

झाशीतून जीव वाचवून ते काल्पीकडे निघाले. वाटेत पहाटेच्या वेळी एका विहिरीपाशी काही स्वार आले. त्यांत पठाणी वेषातील, धुळीने माखलेल्या राणीसाहेब होत्या. तहान लागलेली होती. विष्णुभट पाणी शेंदण्यास पुढे झाले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी कष्ट करू नयेत म्हणून राणींनी दोर स्वतःच हाती घेतला, मडक्याने पाणी शेंदून त्या ओंजळीने प्यायल्या आणि निघून गेल्या. काल्पीही मे १८५८मध्ये पडली.

पुढे चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी. बंडवाले म्हणून संशय यावा आणि प्राणांवर बेतावे, असे प्रसंग परमुलखातील मराठी ब्राह्मणाला त्या दिवसांत नवे नव्हते. ज्या धनासाठी निघाले ते हाती फारसे उरले नाही. खांद्यावर गंगाजलाची कावड मात्र होती. सुमारे अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट वरसईस पोहोचले आणि आईवडिलांना त्यांनी गंगेच्या पाण्याने स्नान घातले.

हे सारे लिहून काढले ते १८८३मध्ये, इतिहाससंशोधक चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. पाव शतकानंतर आठवणीतून लिहिल्यामुळे तारखांत घोळ आहेत, ऐकीव गोष्टी मिसळल्या आहेत. मेरठ-दिल्लीची हकीकत तर लेखकाने पाहिलेलीच नाही. अभ्यासकाने ते भाग जपूनच वापरावेत. परंतु वेढ्यातील झाशीचे वर्णन करणारा, ना इंग्रज अधिकारी ना बंडातला शिपाई, असा साक्षीदार क्वचितच सापडतो. दक्षिणेचे आकडे, जेवणाचे पदार्थ, भीतीने गळालेले हातपाय हे तो सारख्याच प्रामाणिकपणे नोंदवतो.

सरकारचा रोष ओढवेल, या धास्तीने आपल्या हयातीत हे छापू नये अशी विष्णुभटांची इच्छा होती. त्यांच्या निधनानंतर, १९०७मध्ये, वैद्यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला. मात्र भाषेवर आणि मजकुरावर संपादकाचा हात बराच फिरला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती वाचकांना मिळण्यास १९६६ साल उजाडावे लागले.