व्हेंतोतेनेचा बंदिवान आणि परगावचे मत

मताधिकाराचा विचार आपण बहुधा दोनच अंगांनी करतो. तो कोणत्या वयाला मिळतो, आणि तो सर्वांना समान आहे की नाही. तिसरा एक प्रश्न मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. माणूस पोटासाठी आपला देश सोडून दुसऱ्या देशात जातो, तेथे घाम गाळतो, कर भरतो, मुलांना तेथल्या शाळेत घालतो. मग त्याने मत कोठे द्यावे? जेथे त्याचे मूळ आहे तेथे, की जेथे त्याचे जगणे आहे तेथे? राज्यशास्त्राच्या तासाला युरोपीय संघाचा भाग शिकत असताना मी ग्रंथालयातून काही पुस्तके आणली आणि या प्रश्नाच्या मुळाशी जाता जाता एका विलक्षण माणसाची ओळख झाली. त्यांचे नाव आल्तिएरो स्पिनेल्ली.

स्पिनेल्ली यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९०७ रोजी रोम येथे झाला. त्यांच्या तरुणपणी इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही सुरू झाली होती. १९२४ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९२७ च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली. तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. माझेही आज तेवढेच आहे, म्हणून हा आकडा वाचताना मी थबकले. खास न्यायालयाने त्यांना सोळा वर्षे आठ महिन्यांची शिक्षा दिली. त्या काळी इटलीत एकविसाव्या वर्षी मत मिळे. म्हणजे मतदार होण्यापूर्वीच ते कैदी झाले. ते तुरुंगात असताना १९२९ मध्ये देशात निवडणूक झाली खरी, पण मतदारांपुढे एकच यादी होती आणि तिला हो किंवा नाही एवढेच म्हणायचे होते. मतपेटी असूनही मत नसावे, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

सुमारे दहा वर्षे तुरुंगात आणि त्यानंतर सहा वर्षे बेटांवर स्थानबद्धतेत गेली. तुरुंगात त्यांनी पुष्कळ वाचले. स्टालिनच्या राजवटीतील दडपशाही त्यांना पटेना, म्हणून १९३७ मध्ये पक्षानेच त्यांना काढून टाकले. पुढे व्हेंतोतेने नावाच्या चिमुकल्या बेटावर सरकारने त्यांना ठेवले. तेथे शेकडो राजकीय स्थानबद्ध होते. त्यांच्यात राहून जुन्या साथीदारांच्या पंगतीतून उठणे म्हणजे कैदेत आणखी एक कैद भोगणे होय. पण तेथेच त्यांना एर्नेस्तो रोस्सी आणि एउजेनिओ कोलोर्नी हे मित्र मिळाले.

१९४१ साली हिटलरच्या फौजा युरोपभर पसरल्या असताना या मित्रांनी एक जाहीरनामा तयार केला. तो सिगारेटच्या पातळ कागदांवर लिहिला होता. लेखन मुख्यतः स्पिनेल्ली आणि रोस्सी यांचे. युरोपातील राष्ट्रे वेगवेगळी आणि पूर्ण सार्वभौम राहिली तर युद्ध पुन्हा होईलच. म्हणून त्यांचे एक संघराज्य व्हावे, हा त्याचा आशय. कोलोर्नी यांच्या पत्नी उर्सुला हिर्शमन यांनी तो लपवून मुख्य भूमीवर नेला. उर्सुला बर्लिनमध्ये जन्मलेल्या ज्यू. नाझी राजवटीमुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. आपल्याच देशाने नाकारल्यावर माणसाचे हक्क कोठे उरतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९४३ च्या ऑगस्टमध्ये स्पिनेल्ली सुटले आणि त्याच महिन्यात मिलान येथे त्यांनी युरोपीय संघराज्यवादी चळवळ स्थापन केली. कोलोर्नी यांना १९४४ मध्ये रोममध्ये फॅसिस्टांनी ठार केले. पुढे उर्सुला आणि स्पिनेल्ली यांचा विवाह झाला.

युद्ध संपले, पण परदेशात राबणाऱ्या माणसाचा प्रश्न मिटला नाही. १९४६ मध्ये इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला. इटलीने मजूर द्यायचे आणि बेल्जियमने कोळसा, असा तो व्यवहार होता. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ कामगार मेले; त्यांतले १३६ इटालियन होते. ज्या गावाच्या पोटात ही माणसे गाडली गेली, त्या गावच्या नगरपालिकेत त्यांना मत नव्हते, आणि मायदेशात मत द्यायचे तर आगगाडीने घरी जावे लागे.

सरकारांच्या वाटाघाटींतून लोकांचा युरोप निर्माण होत नाही, हे स्पिनेल्ली यांना १९५४ मध्येच कळून चुकले होते. त्या वर्षी फ्रान्सच्या संसदेने युरोपीय संरक्षण समुदायाचा करार फेटाळला आणि त्यांची कित्येक वर्षांची खटपट वाया गेली. तेव्हा त्यांनी थेट लोकांकडे जायचे ठरवले. १९५७ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील शहरांत अनौपचारिक मतदान घेतले. त्या मतपेट्यांना कायद्याचा आधार नव्हता. पण युरोपचा प्रश्न नागरिकांना विचारला पाहिजे, एवढे त्यांनी दाखवून दिले.

१९७० ते १९७६ या काळात ते ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाचे सदस्य होते. १९७९ मध्ये युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली आणि स्पिनेल्ली निवडून आले. या निवडणुकीत इतर सदस्य देशांत राहणाऱ्या इटालियनांना तेथेच मतदान करण्याची सोय इटलीने केली होती. १९८० मध्ये स्ट्रासबुर्गच्या क्रोकोडाइल नावाच्या उपाहारगृहात त्यांनी काही सदस्यांना जमवले. त्या बैठकीतून जे काम उभे राहिले, त्यातून युरोपीय संघाच्या कराराचा मसुदा सिद्ध झाला. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी संसदेने तो २३७ विरुद्ध ३१ मतांनी संमत केला. ४३ सदस्य तटस्थ राहिले. सदस्य देशाचा नागरिक तो संघाचाही नागरिक, हे तत्त्व त्या मसुद्यात स्वच्छ लिहिले होते.

सरकारांनी मात्र तो मसुदा बाजूला ठेवला आणि १९८६ मध्ये त्याहून पुष्कळच तोकडा करार केला. स्पिनेल्ली यांना तो पराभव वाटला. त्याच वर्षी २३ मे रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. जेथे त्यांना स्थानबद्ध केले होते, त्याच व्हेंतोतेने बेटावर त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९९२ मध्ये, मास्त्रिख्तचा करार झाला. त्यात संघाचे नागरिकत्व आले. सदस्य देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल, तर त्याला तेथल्या नगरपालिकेच्या व युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभे राहण्याचाही हक्क मिळाला. बेल्जियममध्ये नगरपालिकेसाठी तो प्रत्यक्षात यायला २००० साल उजाडले. मार्सिनेलच्या आगीला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. तरीही हा हक्क अपुराच आहे. राष्ट्रीय संसदेचे मत त्यात येत नाही. शिवाय जो हक्क संघाच्या सदस्यत्वाला बांधलेला असतो, तो त्याच्याबरोबर जातोही. २०२० मध्ये ब्रिटन संघातून बाहेर पडला, तेव्हा फ्रान्समधील गावोगावचे शेकडो ब्रिटिश नगरसेवक एका फटक्यात अपात्र ठरले. गाव तेच, माणसे तीच. हक्क तेवढा गेला.

हा विषय युरोपातला, आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. परदेशातील भारतीय नागरिकांना मतदार यादीत नाव नोंदवू देणारी दुरुस्ती आपल्याकडे २०१० मध्ये झाली; पण मत द्यायला त्यांनी स्वतः आपल्या मतदान केंद्रावर यावे अशी अट राहिली. एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. आमच्या घरची माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. नाव गावच्या यादीत आणि पाल पडलेली कारखान्याच्या शिवारात. निवडणूक हंगामात आली, तर कोणा उमेदवाराने गाडी धाडली तरच मत पडते. ज्याची गाडी त्याचा त्या मतावर डोळा असतो. आणि ज्या गावात सहा महिने कोयता चालतो, तेथे पाणी कोठे मिळावे हे ठरवताना आम्हांला कोणी विचारीत नाही. येथे तर मध्ये देशाची सीमाही नाही.

स्पिनेल्ली यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला तर हरलेल्या लढायाच अधिक भरतील. पण प्रत्येक पराभवानंतर त्यांनी प्रश्न सोडला नाही, केवळ वाट बदलली. कधी जाहीरनामा, कधी कायद्याबाहेरची मतपेटी, कधी संसदेतला ठराव. मत हे यादीतल्या नावाला नसते, जिवंत माणसाला असते, आणि माणूस जेथे राबतो तेथपर्यंत ते पोचले पाहिजे, हा धडा मी त्यांच्या चरित्रातून घेतला. तो धडा युरोपात अजून निम्माच गिरवला गेला आहे. आपण तर पाटी नुकतीच हातात घेतली आहे.