मृतांना सन्मानाने मूठमाती देणारे संत डेमियन

बेल्जियममध्ये ३ जानेवारी १८४० रोजी जन्मलेले फादर डेमियन आपल्या आजारी धर्मगुरू बंधूंच्या ऐवजी हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी गेले. १० मे १८७३ रोजी ते मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत दाखल झाले. तेथे निराधारांचे मृतदेह शवपेटीविना उथळ खड्ड्यांत पुरले जात. फादरांनी स्वतः सुतारकाम करून शेकडो शवपेट्या बनविल्या, कबरी खणल्या, दफनभूमीला कुंपण घातले आणि प्रार्थनापूर्वक अंत्यविधी केले. अखेर त्याच रोगाने १५ एप्रिल १८८९ रोजी ते ख्रिस्तवासी झाले आणि आपल्या रुग्णांच्या सान्निध्यातच त्यांना मूठमाती मिळाली. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कार्य होय. आपल्या धर्मग्रामातही कोणाचा अंत्यविधी खांदेकऱ्यांविना होऊ नये, हीच संत डेमियनची खरी भक्ती ठरेल.