कायदेमंडळातले टिळक

साजगावच्या बोंबल्या विठोबाची यात्रा भरली की आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, बौद्ध असे सगळे एकाच बाजारात सुकी मासळी घेतात. माणसे एकत्र येतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाणवठ्यावर कोणाला जाता येईल, कसलेली जमीन कोणाची राहील, हे यात्रा ठरवीत नाही. ते कायदा ठरवतो. लोक जमवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या बाळ गंगाधर टिळकांचे चरित्र या बाजूनेही वाचले पाहिजे.

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा, रत्नागिरीचा. घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावच्या खोतांचे. 1881 मध्ये 'केसरी' निघाला. पुढे सार्वजनिक गणेशोत्सव आला आणि 1896 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या रायगडावर शिवउत्सव झाला. त्याच साली दुष्काळ पडला, तेव्हा शेतकऱ्याला सारामाफीचा हक्क त्यांनी समजावून सांगितला. राजद्रोहाखाली 1897 मध्ये अठरा महिन्यांची आणि 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. परक्या सत्तेविरुद्ध त्यांनी सोसलेले हाल आपण नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न घरातल्या सत्तेचा आहे. 1891 मध्ये संमतिवयाचे बिल आले. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे, एवढीच त्याची मजल. टिळकांनी कडाडून विरोध केला. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, सुधारणा लोकांनी आपखुशीने करावी, असे त्यांचे म्हणणे होते. बिल मंजूर झाले. 1895 मध्ये हेच टिळक त्याच सरकारच्या मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले आणि 1897 मध्ये पुन्हा निवडून आले. म्हणजे कायदेमंडळाचे त्यांना वावडे नव्हते. 1895 मध्येच पुण्याच्या काँग्रेस मंडपात सामाजिक परिषद भरू नये, यासाठी त्यांच्या पक्षाने रान उठवले. खोतीचा प्रश्न आला तेव्हा 'केसरी' कुळांच्या नव्हे, खोतांच्या बाजूने उभा राहिला.

बरे, कायदा नको, आपखुशी हवी, हेही घटकाभर मान्य करू. आपखुशीची परीक्षा मार्च 1918 मध्ये झाली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. मग एक पत्रक पुढे आले: मी स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही. त्यावर टिळकांनी सही केली नाही. ना कायदा, ना आपखुशी! 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातही 'केसरी'ने छापली नाही. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले.

पुढचा इतिहास आपला आहे. 1923 मध्ये सी. के. बोले यांनी त्याच मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्या ठरावाच्या बळावर 20 मार्च 1927 रोजी, रायगडाच्याच परिसरातल्या महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. तो कायदा व्हायला 1949 उजाडले. टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत तर समाज समता संघात बाबासाहेबांचे सहकारी झाले. बापाने न केलेली सही मुलाने आपल्या वागण्याने केली.

आजही समाजाचे मन आधी बदलू द्या, कायद्याची घाई नको, असे सांगणारे पुढारी भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवा आणि सही मागा.