व्हिक्तॉर शोल्शेर : मुक्तिदाता आणि मुक्तांचे मतदान

थोर पुरुषाच्या चरित्रात त्याच्या पराभवाला किती जागा द्यावी, हा चरित्रलेखनातील जुना प्रश्न आहे. व्हिक्तॉर शोल्शेर (१८०४-१८९३) याची लोकमान्य प्रतिमा फ्रेंच वसाहतींतील गुलामांचा मुक्तिदाता अशी आहे आणि ती निराधार नाही. मात्र ज्यांना मताधिकार मिळावा म्हणून तो झटला, त्याच मुक्तांनी मार्तिनिक बेटावर अवघ्या दहा महिन्यांत त्याला नाकारले. ही घटना वगळली तर त्याचे चरित्र केवळ उपकारकर्त्याची कथा होऊन राहते, आणि मतदार हे त्या कथेतील मूक पात्र ठरतात.

शोल्शेरचा जन्म पॅरिसचा. वडील चिनी मातीच्या भांड्यांचे कारखानदार. त्यांच्या व्यवसायासाठी तरुणपणी तो मेक्सिको व क्यूबाकडे गेला आणि क्यूबात त्याने गुलामगिरी प्रथम जवळून पाहिली. १८३३ मधील पुस्तकात तो क्रमाक्रमाने मुक्ती द्यावी अशा मताचा होता. १८४०-४१ मध्ये कॅरिबियन बेटांचा प्रवास करून आल्यावर १८४२ च्या ग्रंथात मात्र त्याने तात्काळ मुक्तीची मागणी केली.

फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीनंतर सेनेगलहून परतलेल्या शोल्शेरकडे वसाहतींचे उपमंत्रिपद आणि दास्यमुक्ती आयोगाचे अध्यक्षपद आले. २७ एप्रिल १८४८ च्या हुकूमनाम्याने गुलामगिरी रद्द झाली व वसाहतींना राष्ट्रीय सभेत प्रतिनिधित्व मिळाले. महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’च्या (१८७३) अर्पणपत्रिकेमुळे मराठी वाचकाला अमेरिकेतील दास्यमुक्ती परिचित आहे, तिच्या सतरा वर्षे आधीची ही फ्रेंच घटना तुलनेने अपरिचित राहिली. हुकूमनामा बेटावर पोहोचण्यापूर्वीच २२ मे रोजी मार्तिनिकमधील गुलामांनी उठाव केला आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावी लागली, हेही येथे नोंदवले पाहिजे. पुढे १८४९ च्या कायद्याने नुकसानभरपाई दिली ती मालकांना. राबलेल्यांना काहीच मिळाले नाही.

ऑगस्ट १८४८ मध्ये बेटांवर निवडणुका झाल्या. काल-परवापर्यंत एकाच नावाने हाक मारल्या जाणाऱ्या माणसांची नोंद करताना त्यांना आडनावे दिली जात होती. नागरिकत्वाचा आरंभच असा नामकरणापासून झाला. सरकारी मतपत्रिका नव्हत्या. उमेदवारांची नावे छापलेल्या वा लिहिलेल्या चिठ्ठ्या बाहेरून आणून मतपेटीत टाकायच्या, अशी त्या काळची रीत होती. अक्षरशत्रू मतदाराच्या हातात कोणी कोणती चिठ्ठी दिली, याला त्यामुळे फार महत्त्व आले. शोल्शेर मार्तिनिक व ग्वादलूप या दोन्ही बेटांवर निवडून आला. त्याने मार्तिनिकची जागा ठेवली आणि ग्वादलूपच्या रिकाम्या जागेवर पर्यायी प्रतिनिधी लुईझी माथ्यू सभेत बसला. तो स्वतः त्याच वर्षी मुक्त झालेला गुलाम होता. शोल्शेरच्या सबंध राजकीय जीवनात या एका निवडीइतके फलदायी पाऊल क्वचितच असेल.

त्या निवडणुकीत मार्तिनिकने सिरिल बिसेत यालाही कौल दिला होता, परंतु त्याची निवड रद्द ठरली. बिसेत हा त्याच बेटावरचा स्वतंत्र मिश्रवर्णीय. मिश्रवर्णीयांच्या हक्कांविषयीच्या एका पुस्तिकेवरून १८२४ मध्ये त्याला तापल्या लोखंडाने डागण्यात आले होते. पुढे हद्दपारीत असताना त्याने १८३४ पासून पॅरिसमध्ये वसाहतींविषयीचे नियतकालिक चालवले. शोल्शेरशी त्याचे वैर जुने होते; शोल्शेरच्या ग्रंथाचे खंडन करणारे लेखनही त्याने केले होते. १८४९ मध्ये तो बेटावर परतला तो भूतकाळ विसरण्याचा उपदेश करीत, आणि त्याने मळेमालक पेकूल याच्याशी हातमिळवणी केली. जूनच्या निवडणुकीत मार्तिनिकच्या दोन जागा या दोघांनी मोठ्या फरकाने जिंकल्या. शोल्शेर पडला.

या निकालाचे स्पष्टीकरण मतदारांच्या अज्ञानात शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मळेमालकांचा पैसा व दबाव बिसेतच्या मागे होता हे खरे. तथापि बिसेतच्या अंगावर त्याच बेटाच्या न्यायालयाने दिलेला डाग होता. तो त्यांच्यातला होता. शोल्शेर मात्र समुद्रापलीकडचा होता. मुक्तांनी कृतज्ञतेपेक्षा जवळीक निवडली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आणि जे मत कृतज्ञतेपोटी द्यावेच लागते, ते मत तरी कसले?

ग्वादलूपने त्याच जून महिन्यात शोल्शेर व पेरिनाँ यांना निवडून दिले. तेथील मारी-गालांत बेटावर मतदानातील गैरप्रकाराच्या संशयावरून दंगल पेटली, गोळीबारात अनेक मुक्त मजूर मारले गेले व मळे जळाले. ही निवडणूक रद्द झाली. जानेवारी १८५० मध्ये मतदारांनी पुन्हा त्याच दोघांना पाठवले.

डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली तेव्हा शोल्शेर पॅरिसच्या अडसरांवर उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत प्रतिनिधी बोदँ मारला गेला. त्यानंतरची जवळजवळ एकोणीस वर्षे त्याने मुख्यतः लंडनमध्ये हद्दपारीत काढली. साम्राज्याने वसाहतींचे प्रतिनिधित्वच काढून घेतले, म्हणजे तो निर्वासित आणि त्याचे मतदार मतहीन. या काळात त्याने संगीतकार हेंडेलचे चरित्र लिहिले (१८५७). उतारवयात तूसँ लूव्हेर्त्यूरचे (१८८९). राजकारणी पुरुषाने दुसऱ्यांची चरित्रे इतक्या निष्ठेने लिहावीत, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला लक्षणीय वाटेल.

प्रजासत्ताक परत आल्यावर १८७१ मध्ये मार्तिनिकने त्याला पुन्हा सभेवर पाठवले. नाकारलेल्या माणसाला बेटाने स्वतःहून परत बोलावले होते. १८७५ च्या अखेरीस तो तहहयात सिनेटर झाला आणि मतदारांसमोर जाण्याचा प्रश्न संपला. आपला ग्रंथसंग्रह त्याने मार्तिनिकला दिला. १८९० च्या फोर-द-फ्रान्समधील आगीत त्यातील बहुतेक पुस्तके भस्मसात झाली. २५ डिसेंबर १८९३ रोजी तो वारला. १९४९ मध्ये त्याचे अवशेष, त्याच्या इच्छेप्रमाणे वडिलांच्या अवशेषांसह, पँथिऑनमध्ये नेण्यात आले. २२ मे २०२० रोजी, म्हणजे उठावाच्याच तिथीला, मार्तिनिकमधील त्याचे दोन पुतळे निदर्शकांनी पाडले. मुक्तीचे श्रेय उठाव करणाऱ्या गुलामांचे आहे, असा त्यांचा दावा होता. ज्या गावाला त्याच्या हयातीत त्याचे नाव दिले गेले, त्या गावातील पुतळाही त्यांत होता. गावाचे नाव मात्र शोल्शेरच राहिले.