गाडगेबाबांच्या आधीचे डेबूजी शेतकरी

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. या दिंडीत चालणारी माणसं बहुतेक शेतकरी. पेरणी उरकायची, आभाळाकडं एकदा बघायचं, घरच्यांवर रान सोपवायचं आणि पताका खांद्यावर घ्यायची. म्हणून या स्मरणिकेत एका शेतकऱ्याचं चरित्र यावं, असं आम्हा मंडळींना वाटलं. तो शेतकरी म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. सगळा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणतो. बाबांचा खराटा आणि बाबांचं गाडगं सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्या हातातला वखर फार थोड्यांना माहीत आहे.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी, परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखुबाईंनी लहानग्या डेबूला घेऊन माहेर गाठलं. ते मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांनी मायलेकरांना आधार दिला.

मामाच्या घरी डेबू गुरं राखू लागला. गोठा झाडायचा, बैलांना पाण्यावर न्यायचं, नदीत पोहायचं आणि रानात भजनं म्हणायची. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. थोडा मोठा झाल्यावर त्यानं औत धरलं आणि वखरणी, पेरणी, डवरणी, निंदणी सगळी कामं शिकला. दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री भजनात बसायचं, असा नेम होता. वाकडं काम त्याला खपायचं नाही. पुढं रस्ता झाडताना बाबा कोपरान् कोपरा काढत, ती सवय गोठ्यातलीच असावी असं आम्हाला वाटतं.

तो काळ इंग्रजी अंमलाचा. वऱ्हाडाचा कारभार 1853 पासून इंग्रजांकडं गेला होता. रेल्वे आली, वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला जाऊ लागला. पैसा दिसायला लागला खरा, पण सारा रोख भरायचा, बी-बियाणं रोख घ्यायचं, आणि पीक बुडालं की सावकाराचं दार गाठायचं. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, अंगठा तेवढा उठवायचा. वहीतलं कर्ज फिटलं की वाढलं, हे सावकारच सांगणार. नड भागवायला काढलेलं कर्ज पुढं जमीनच घेऊन जायचं.

चंद्रभान मामांचं तेच झालं. सावकारावर विश्वास ठेवून बसले, आणि एक दिवस कळलं की जमीन हातातून गेली. तो धक्का त्यांना सोसला नाही. मामा गेले आणि घराचा भार डेबूजींवर पडला. लग्न 1892 मध्ये झालेलं, कुंताबाई घरात होत्या, आई होती. त्यांनी राबून देणं फेडायचा प्रयत्न केला, पण वहीतला आकडा काही हलेना. शेवटी सावकार माणसं घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबूजी औत सोडून आडवे झाले. सावकाराला त्या दिवशी माघारी जावं लागलं, ही हकीकत वऱ्हाडात अजून सांगतात. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यानं त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की केली: माणूस गरिबीनं जेवढा नागवला जातो, त्याहून जास्त अडाणीपणानं आणि कर्जानं नागवला जातो.

मुलीचं बारसं आलं. जातीच्या रिवाजाप्रमाणं पाहुण्यांना दारू आणि मटण द्यायचं. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते बधले नाहीत. आपल्या बापाला दारूनं नेलं आणि मामाला कर्जानं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वऱ्हाडात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ पडले. भुकेली माणसंही त्यांनी पाहिली.

मग 1 फेब्रुवारी 1905 च्या रात्री डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मडक्याचं फुटकं गाडगं. इथं आम्हाला कुंताबाईंची आठवण केल्याशिवाय पुढं जाववत नाही. नवरा गेला, पण लेकरं, सासू आणि रान मागंच राहिलं. बाबांच्या पुण्याईत त्या माउलीचाही वाटा आहे. वारीला निघालेल्या आपल्या प्रत्येकाच्या मागं घरी कोणीतरी राबत असतं, हे विसरू नये.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या गावात जायचं ते आधी झाडायचं, मग रात्री कीर्तन. कीर्तनात बाबा लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लोकांकडूनच घ्यायचे. कर्ज काढून सण, लग्न, नवस करू नका, देवापुढं बकरं कापू नका, दारू सोडा, ताट-वाटी मोडावी लागली तरी पोराला शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका. तुकोबांच्या अभंगांचा आधार त्यांच्या कीर्तनात पदोपदी असायचा. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असं ते बजावून सांगत.

पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना त्या काळी मंदिरात प्रवेश नव्हता आणि मुक्कामालाही कोणी जागा देत नव्हतं. 1917 च्या सुमारास बाबांनी तिथं चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढं 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं त्यांनी धर्मशाळा बांधल्या. वर्गणीतून मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांवर घरच्या माणसांचा हक्क ठेवला नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वाटेतच बाबांनी देह ठेवला.

आता आपल्याबद्दल थोडं. आपल्यातली काही मंडळी दिंडीला पंगत घालण्यासाठी उसनवारी करतात, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही ती पंगत जेवलो आहोत आणि वाहवाही केली आहे, ही चूक आमची. मुक्काम हलला की मागं पत्रावळ्या आणि प्लास्टिक सोडून आम्ही पुढं गेलो आहोत, हीसुद्धा आमचीच. म्हणून शताब्दीच्या निमित्तानं दोन नेम धरू. पंगत ऐपतीप्रमाणं, नुसती भाजी-भाकरी असली तरी ती विठ्ठलाला पोचते. आणि तळ सोडण्याआधी विणेकऱ्यापासून सगळ्यांनी हातात खराटा घ्यायचा.

दापुरेच्या त्या शेतकऱ्याला याहून वेगळा हार नको.

रामकृष्णहरी!